शेवटाचे नैतिक ओझे : चित्रपटाचा अंत आणि प्रेक्षकाची जागा

१

चित्रपट पाहून काही महिने लोटल्यावर प्रेक्षकाला त्याचे कथानक विचारले, तर मधले पुष्कळसे दुवे निसटलेले आढळतात. कोण कोणाचा कोण, कोणता प्रसंग आधीचा आणि कोणता नंतरचा, याविषयी तो साशंक असतो. शेवट मात्र बहुधा शाबूत असतो. ‘आवडता शेवट’ असा शब्दप्रयोग आपल्याकडे सर्रास होतो आणि त्यावर गप्पाही रंगतात. परंतु शेवट आवडणे आणि शेवट स्मरणात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. जे आवडले ते पुष्कळदा विसरले जाते आणि जे विसरता येत नाही ते आवडले असे म्हणणे पुष्कळदा अवघड जाते. या दोहोंतील अंतर हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. हे अंतर केवळ रुचीचे नसून त्याला नैतिक बाजू आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

स्मरणीयतेचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण म्हणजे धक्का. अनपेक्षित कलाटणी मिळाली की शेवट लक्षात राहतो, असे मानले जाते. हे स्पष्टीकरण फार काळ टिकत नाही. धक्क्याचे सामर्थ्य पहिल्या भेटीपुरते असते. रहस्य उलगडले की ते संपते. ज्याला स्मरणीय म्हणावे असा शेवट ठाऊक असूनही पुन्हा परिणाम करतो, किंबहुना ठाऊक असल्यामुळे अधिक परिणाम करतो. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट माहीत नसतो असे कधीच घडत नाही. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहावयास गेलेल्या प्रत्येक मराठी प्रेक्षकाला तुकाराम वैकुंठास जाणार हे घरातूनच माहीत होते. दामले–फत्तेलाल यांच्या या चित्रपटात वैकुंठगमनाचे दृश्य त्या काळच्या तंत्राच्या मानाने दिमाखदार आहे. तरीही मनात घर करते ती गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई. वैकुंठाचे निमंत्रण मिळूनही ती संसारात मागे राहते. आख्यान ज्या जागी संपते त्याच जागी एका बाईचे उरलेले आयुष्य सुरू होते, याची जाणीव हा चित्रपट देतो. आख्यायिकेचा शेवट आकाशात होतो, चित्रपटाचा शेवट जमिनीवर. या दोन शेवटांमधील ताण ठाऊक झाल्याने कमी होत नाही.

२

शेवटाला एवढे महत्त्व का, या प्रश्नाचे उत्तर भारतीय काव्यशास्त्राने फार पूर्वी दिले आहे. नाट्यशास्त्रातील पाच संधींपैकी अखेरची ‘निर्वहण’ ही आधीच्या मुख, प्रतिमुख, गर्भ आणि विमर्श या संधींतून विखुरलेल्या अर्थांना एकत्र आणते. येथे शेवट म्हणजे केवळ थांबणे नव्हे, तर एकत्र आणणे. आनंदवर्धनाने या विचाराला आणखी धार दिली. ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात त्याने महाभारताचा अंगी रस शांत आहे असे म्हटले, आणि त्यासाठी आधार घेतला तो शेवटाचा : वृष्णी आणि पांडव यांच्या विषण्ण अंताचा. युद्धाने, वैराने, शौर्याने व्यापलेल्या ग्रंथाचा प्रधान रस वीर नाही, कारण तो ज्या जागी जाऊन थांबतो ती जागा वीराची नाही. रामायणाचा रस करुण, कारण सीतेच्या कायमच्या वियोगापर्यंत तो भाव नेला आहे. याचा अर्थ असा की, शेवट मागे वळून संपूर्ण कृतीचा अर्थ ठरवतो. आधी घडलेले प्रसंग तेच राहतात, पण ते कशाविषयी होते हे अखेरीस कळते.

फ्रँक कर्मोड या इंग्रज समीक्षकाने १९६७ मध्ये याच आशयाचा विचार घड्याळाच्या साध्या उदाहरणाने मांडला. घड्याळ दर वेळी सारखाच आवाज करते. आपण मात्र त्याला ‘टिक’ आणि ‘टॉक’ अशी दोन नावे देतो, म्हणजे नुसत्या कालक्रमणाला आरंभ आणि अंत बहाल करतो. आयुष्याला असा ‘टॉक’ ऐकू येत नाही, म्हणून माणूस तो कथेत ऐकतो. कर्मोडच्या या विवेचनात आणि आनंदवर्धनाच्या विवेचनात एक साम्य आहे : शेवट ही कृतीच्या अंती येणारी घटना नसून कृतीच्या अर्थाची अट आहे.

येथूनच नैतिक प्रश्न उभा राहतो. शेवट जर मागील सर्व घटनांचा अर्थ ठरवत असेल, तर त्या घटनांमधील दुःखाचाही अर्थ तोच ठरवतो. दोन तास दाखवलेला अन्याय शेवटच्या पाच मिनिटांनी पचवता येतो, झाकता येतो, फेडल्यासारखा दाखवता येतो किंवा न फेडता प्रेक्षकाच्या हाती ठेवता येतो. हा अधिकार मोठा आहे, आणि तो वापरणाऱ्याने तो कोणाच्या वतीने वापरला हे विचारणे समीक्षेचे काम आहे.

मानसशास्त्रातील एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक ठरतो. डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तो प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींनी एकदा १४ अंश सेल्सिअस तापमानाच्या थंड पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवला. दुसऱ्या वेळी तेवढेच ६० सेकंद आणि शिवाय आणखी ३० सेकंद हात पाण्यात ठेवला. मात्र या शेवटच्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत, म्हणजे किंचितसे, सुसह्य केले होते. यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल, असे विचारता बहुसंख्यांनी दुसरा, म्हणजे अधिक काळ वेदना देणारा, अनुभव निवडला. स्मरणाने वेदनेची लांबी मोजली नाही, शेवट मोजला. शेवट जरा कोमट झाला की आधीची सगळी थंडी आठवणीत सौम्य होते. कथेच्या क्षेत्रात या निष्कर्षाचा अर्थ अस्वस्थ करणारा आहे. ज्या कलावंताला दुसऱ्याचे दुःख प्रेक्षकाला सहज पचावेसे वाटते, त्याला ते दुःख कमी दाखवण्याची गरज नाही. शेवट एका अंशाने उबदार केला की पुरते.

३

अशा एका अंशाच्या बदलाचा इतिहास बराच जुना आहे. इब्सेनच्या ‘बाहुलीचे घर’ या १८७९ च्या नाटकात नोरा घर सोडून जाते. जर्मनीतील प्रयोगासाठी नोराची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने असा शेवट करण्यास नकार दिला, तेव्हा १८८० मध्ये इब्सेनने स्वतःच एक पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात मुलांकडे पाहून नोराचा निश्चय ढासळतो. हा आपल्या नाटकावरचा अत्याचार आहे असे त्याचे मत होते आणि त्याने ते लपवले नाही. नाटकातील तीन अंक तेच राहिले. बदलले ते अखेरचे काही क्षण. आणि त्या क्षणांसरशी आधीच्या तीन अंकांतील नोराचा प्रवास एका चुकीच्या समजुतीचा इतिहास होऊन बसला. आनंदवर्धनाचा सिद्धांत येथे उलट्या बाजूने सिद्ध होतो.

‘शोले’ (१९७५) आणीबाणीच्या काळात प्रदर्शित झाला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. सेन्सॉरच्या आग्रहाने तेथे पोलिस आले आणि गब्बर कायद्याच्या स्वाधीन झाला. मूळ शेवट पुढील काळात उपलब्ध झाला आणि दोन्हींची तुलना शक्य झाली. नागरिकांचे अधिकार स्थगित करणाऱ्या राज्यव्यवस्थेला पडद्यावर कायद्याचे राज्य शाबूत दिसावे असे वाटणे, हा त्या काळाचा विरोधाभास त्या एका बदललेल्या प्रसंगात साठून राहिला आहे. कोणता शेवट अधिक कलात्मक हा प्रश्न येथे गौण ठरतो. शेवट बदलण्याची गरज सत्तेला वाटते, यातच शेवटाचे वजन किती याचे उत्तर आहे.

मराठी चित्रपटातील एक जुने उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ (१९३७) केला. वृद्ध विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानण्यास नकार देते. शांता आपटे यांच्या नीरेचा हा नकार मराठी पडद्यावरील स्त्रीच्या स्वतंत्र इच्छेचे एक प्रारंभीचे आणि प्रखर रूप आहे. अखेरीस काकासाहेबांना आपल्या अपराधाची जाणीव होते. ते आयुष्य संपवतात आणि पत्राद्वारे नीरेला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक देतात. केशवराव दाते यांनी काकासाहेबांचे हे परिवर्तन इतक्या संयमाने उभे केले आहे की, शेवट मनातून जात नाही. परंतु तो कोणाचा शेवट आहे? जो प्रश्न नीरेने विचारला होता त्याचे उत्तर काकासाहेबांना मिळते. तिचे स्वातंत्र्य तिच्या झुंजीचे फळ म्हणून येत नाही, तर पतीचे अखेरचे दान म्हणून येते. आणि तिला फसवून विकणारा मामा व त्याला साथ देणारा समाज पडद्याच्या कडेला सरकतात. ‘कुंकू’चा शेवट वाईट आहे असे म्हणावयाचे नाही. तो स्मरणीय आहे. तथापि त्याची स्मरणीयता आणि त्याचा न्याय एकाच दिशेने जात नाहीत, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

हीच कसोटी ‘उंबरठा’ला (१९८२) लावली तर चित्र पालटते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेल्या, विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात सुलभा महाजन महिलाश्रमाच्या कामासाठी घराबाहेर पडते, तेथील व्यवस्थेशी झगडून परत येते, आणि पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आल्याचे तिला कळते. ती पुन्हा निघते. रेल्वेच्या डब्यातील स्मिता पाटील यांचा चेहरा ही अखेरची प्रतिमा. तेथे विजय नाही आणि पराभवही नाही. या शेवटात कोणी कोणाला काही बहाल करत नाही. सुलभाला जायचे कोठे आहे हे प्रेक्षकाला सांगितले जात नाही, कारण ते सांगण्याचा अधिकार चित्रपटाने स्वतःकडे घेतलेला नाही. इब्सेनला १८८० मध्ये जो क्षण मोडावा लागला तो येथे मोडला गेला नाही.

४

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. कलाकृतीच्या शेवटाला नैतिक कसोटी लावणे म्हणजे कलेची स्वायत्तता नाकारणे नव्हे काय? मराठी सौंदर्यविचारात हा आक्षेप नवा नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर उभे केले. त्या दृष्टीने पाहता शेवट ही समतोलाची जागा आहे. त्याने कोणाला न्याय दिला हा प्रश्न कलाबाह्य ठरतो. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन टोकांमधील ताण हाच सौंदर्यविचाराचा कणा असल्याचे दाखवून दिले, आणि दोन्हींपैकी एकाचीच निवड करून हा प्रश्न सुटत नाही हेही स्पष्ट केले.

चित्रपटाच्या शेवटाबाबत हा ताण विशेष तीव्र होतो, कारण प्रेक्षक अंधारातून उठून ज्या जगात परततो त्याच जगाची प्रतिमा त्याने नुकतीच पाहिलेली असते. तेव्हा नैतिक प्रश्न ‘शेवटाने कोणता उपदेश केला’ असा विचारता कामा नये. तसा तो विचारला तर आक्षेप खरा ठरेल. तो ‘शेवटाने प्रेक्षकाला कोठे बसवले’ असा विचारावयास हवा. हा प्रश्न घाटाचाही आहे आणि नीतीचाही. या प्रश्नाची मांडणी करण्यासाठी उपयुक्त ठरेल असा विचार अमळनेरशी निगडित असलेल्या एका तत्त्वज्ञाने करून ठेवला आहे.

श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. बोरी नदीच्या काठच्या या गिरणीच्या गावात दीर्घकाळ वेदान्ताचे आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे अध्ययन एकत्र चालले. १९३० च्या दशकात काही काळ या संस्थेचे संचालकपद कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्याकडे होते. रससंकल्पनेवरील आपल्या इंग्रजी निबंधात त्यांनी भावनेच्या तीन पातळ्या कल्पिल्या आहेत. त्यांचे उदाहरण अगदी घरगुती आहे. एक मूल खेळण्याशी खेळते आहे. त्याचा आनंद ही पहिली पातळी; तेथे भोगणारा आणि भोग वेगळे झालेले नाहीत. त्याच्याकडे पाहून सुखावणारे आजोबा ही दुसरी. त्यांचा आनंद खेळण्याचा नाही, मुलाच्या आनंदाचा आहे. आजोबांच्या वत्सल नजरेकडे पाहणारा तिऱ्हाईत ही तिसरी. त्याची भावना कोणा एका मुलाशी वा आजोबांशी बांधलेली राहत नाही, आणि भट्टाचार्यांच्या मते रसाचा आस्वाद येथे संभवतो. सहानुभूतीविषयीची ही सहानुभूती व्यक्तीच्या हृदयाला ओलांडून विश्वहृदयापर्यंत पोचते.

या उपपत्तीचे मोल असे की, ती प्रेक्षकाच्या भावनेला जागा देते आणि त्या जागेला नाव देते. मूल, आजोबा आणि पाहणारा, अशा या तीन जागा. बहुतेक चित्रपट प्रेक्षकाला तिसऱ्या जागेवर बसवतात. तेथून दुःखही सुंदर दिसते. प्रश्न असा की, शेवट त्याला तेथेच ठेवतो की उठवतो?

५

अमळनेरच्या भूमीतच या तीन जागांचे एक कथात्म रूप सापडते. साने गुरुजी आरंभी तत्त्वज्ञान मंदिरात विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कुलात शिक्षक होते; छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. या पुस्तकाची रचना पाहण्याजोगी आहे. मुलाचे दुःख वाचकाला थेट सांगितलेले नाही. वयाने वाढलेला श्याम आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्र आपल्या आईच्या गोष्टी सांगतो. मित्र ऐकतात, गलबलतात. वाचक श्यामकडे पाहतो तसा त्या ऐकणाऱ्यांकडेही पाहतो. आई गेलेली आहे हे पहिल्या रात्रीपासून स्पष्ट आहे. म्हणजे शेवट आरंभीच माहीत आहे, आणि तरीही अखेरच्या रात्री येईपर्यंत त्याचे वजन वाढतच जाते. येथे तिसरी जागा आहे, परंतु दुसरी जागा रिकामी नाही. ती मित्रांच्या वर्तुळाने भरलेली आहे, आणि त्या वर्तुळात बसण्याचे आवाहन वाचकाला सतत होत राहते. ही गोष्ट ऐकून घरी गेल्यावर आपल्या आईशी कसे वागायचे, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उरतो. अत्रे यांनी १९५३ मध्ये केलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पुस्तकातील श्रोत्यांचे ते वर्तुळ तेथे चित्रपटगृहातील समुदायाने पुरे केले. महाराष्ट्रात त्या चित्रपटासाठी ढाळले गेलेले अश्रू हे केवळ तिऱ्हाइताचे अश्रू नव्हते. ते पाहणाऱ्याला मुलाच्या जागेपर्यंत ओढून नेणारे होते.

अर्ध्या शतकानंतरच्या ‘श्वास’मध्ये (२००४) भट्टाचार्यांचे उदाहरण जणू शब्दशः अवतरते, मात्र त्याचे सुख काढून घेतलेले असते. माधवी घारपुरे यांच्या कथेवरील या चित्रपटात संदीप सावंत यांनी कोकणातील एका आजोबांची आणि डोळ्यांच्या कर्करोगाने ग्रासलेल्या नातवाची कथा सांगितली आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला रुग्णालयाबाहेर नेतात, जग दाखवण्यासाठी. नातू पाहतो आणि आजोबा त्याचे पाहणे पाहतात. शेवटी होडीतून दोघे गावी परततात. या शेवटात सांत्वन आहे, हे नाकारता येत नाही. आणि सांत्वन असलेला प्रत्येक शेवट खोटा, असा सोपा निष्कर्ष काढणाऱ्यांनी ‘श्वास’कडे पुन्हा पाहावे. येथे पाणी एका अंशाने कोमट केलेले नाही. दृष्टी गेली ती गेलीच. कमी झाले आहे ते दुःख नव्हे, तर त्या दुःखातील एकटेपण. सांत्वन हानी लपवते की हानीला सोबत करते, या भेदावर त्याची नैतिकता अवलंबून असते.

६

नव्या शतकातील काही मराठी चित्रपटांनी मात्र तिसऱ्या जागेवरच प्रहार केला. त्याची पूर्वचिन्हे आधीची आहेत. ‘सिंहासन’च्या (१९७९) अखेरीस सगळे राजकारण जवळून पाहिलेला पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसू लागतो. तो दुसऱ्या जागेवरचा साक्षीदार आहे; त्याला सर्व ठाऊक आहे आणि त्याच्याने काही होत नाही. ती जागा सांभाळणे किती कठीण, हे नीळू फुले यांच्या त्या हसण्याने सांगितले. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’च्या (१९७४) शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या घरावर दगड फेकतो आणि पडदा लाल होतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) डुक्कर पकडण्याच्या कामाला जुंपला गेलेला जब्या टिंगल करणाऱ्यावर दगड भिरकावतो आणि तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. दोन्ही शेवटांत दगड आहे, परंतु त्यांच्यात जवळपास चार दशकांचे आणि एका महत्त्वाच्या विचाराचे अंतर आहे. ‘अंकुर’मधील दगड जमीनदाराच्या दिशेने जातो, प्रेक्षक ते पाहतो आणि मनातून मुलाची बाजू घेतो. ‘फँड्री’तील दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तिऱ्हाइताला बाजू घेण्याची उसंतच मिळत नाही, कारण तिऱ्हाईतपण हेच लक्ष्य आहे. त्याआधीच्या दृश्यात फुले, आंबेडकर यांची चित्रे रंगवलेल्या शाळेच्या भिंतीवरून डुक्कर वाहून नेले जाते. भिंतीवरील चित्रांना अभिवादन करणारा आणि जब्याची टिंगल मुकाट पाहणारा समाज एकच आहे, हे त्या दगडाने सांगून टाकले.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) शेवट दोनदा येतो. सुट्टी लागते, न्यायालय रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि प्रेक्षक उठण्याच्या बेतात असतो. तेवढ्यात चित्रपट न्यायाधीशांच्या सहलीबरोबर पुढे जातो. बाकावर झोपलेल्या न्यायाधीशांना मुले ओरडून जागे करतात. एका मुलाला चापट बसते. ते पुन्हा झोपतात. शाहीर नारायण कांबळे यांच्या खटल्याचे काय झाले हे सांगितले जात नाही. पहिला शेवट शोकात्म ठरला असता आणि म्हणूनच सुसह्य. दुसऱ्या शेवटात शोकाची प्रतिष्ठाही उरत नाही. अन्याय करणारी व्यवस्था क्रूर चेहऱ्याने नव्हे तर डुलकी घेत चालते, हे कळल्यावर प्रेक्षकाला आपल्या स्वतःच्या डुलक्या आठवतात.

‘सैराट’च्या (२०१६) शेवटाविषयी खूप लिहिले गेले आहे, येथे त्याकडे केवळ जागांच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा करते, आणि नंतरचे काही ऐकू येत नाही. शेजाऱ्यांकडून परतलेले मूल आईबापांना पाहते आणि रक्ताने माखलेल्या पावलांनी बाहेर चालत जाते. त्याला रडू येते, पण काय घडले ते त्याला समजलेले नाही. भट्टाचार्यांच्या आकृतीत पहिल्या जागी मूल आहे. तेथे त्याला आनंद होतो आणि तो आनंद आजोबांना कळतो. ‘सैराट’मध्येही पहिल्या जागी मूल आहे, पण त्याच्या वाट्याला आलेले दुःख त्याला अद्याप कळलेले नाही. दुसऱ्या जागी आजोबा असायला हवेत. प्रत्यक्षात आजोळच मारेकरी आहे. दुसरी जागा रिकामी आहे आणि ती रिकामी करणारे ती भूषवायला नियुक्त असलेलेच आहेत. मग त्या मुलाचे दुःख जाणणारा कोण उरतो? फक्त प्रेक्षक. तिऱ्हाईत म्हणून आलेला माणूस त्या निःशब्द क्षणी आजोबांच्या जागी ढकलला जातो. त्याच्याशिवाय त्या मुलाकडे पाहणारे कोणी नाही, आणि चित्रपट संपतो. तिसऱ्या जागेवर परत जाण्यासाठी लागणारा वेळ दिला जात नाही. संगीत नाही, शोक करणारे दुसरे पात्र नाही. रसनिष्पत्ती होण्याच्या आत पडदा पडतो, आणि जे निष्पन्न व्हायचे राहिले ते प्रेक्षकाला घरी न्यावे लागते.

या विवेचनाची पडताळणी करण्याची संधी दोन वर्षांनी आपोआप मिळाली. ‘सैराट’च्या हिंदी रूपांतरात, ‘धडक’मध्ये (२०१८), शेवट बदलला. तेथे पती आणि मूल मारले जातात व नायिका वाचते. घटनेची भीषणता कमी झाली असे म्हणता येणार नाही. मृतांची संख्याही तीच राहते. तरीही परिणाम वेगळा झाला, कारण पडद्यावर दुःख जाणणारी व्यक्ती परत आली. तिच्या आक्रोशाने दुसरी जागा भरली गेली आणि प्रेक्षक आपल्या तिसऱ्या जागेवर सुखरूप राहिला. तो तिच्या दुःखाने व्यथित झाला, पण त्या दुःखाचा एकमेव साक्षीदार होण्याची जबाबदारी त्याच्यावर आली नाही. रूपांतरात जातीचा प्रश्नही पुसट झाला, हे योगायोगाने घडलेले नाही. साक्षीदाराची सक्ती आणि जातवास्तवाची ओळख या दोन्ही गोष्टी एकत्रच गेल्या.

७

हे सर्व पाहिल्यानंतर आरंभीच्या भेदाकडे वळता येते. आवडता शेवट प्रेक्षकाला त्याच्या जागी बसू देतो. स्मरणीय शेवट त्याची जागा बदलतो. जिजाई, सुलभा, जब्या, आर्चीचे मूल या सर्वांमध्ये एक गोष्ट समान आहे : चित्रपट संपल्यावरही त्यांचे काहीतरी राहून गेले आहे आणि ते पुरे करण्याचे सामर्थ्य चित्रपटाकडे नाही. प्रामाणिक शेवट ही उणीव कबूल करतो. म्हणून त्याला निर्वहण म्हणावे की नाही हा प्रश्न उरतो. कारण येथे विखुरलेले अर्थ एकत्र आणण्याचे काम रंगमंचावर पुरे होत नाही, ते प्रेक्षागृहाकडे सोपवले जाते.

तथापि, येथे समीक्षेने स्वतःशीही कठोर राहावयास हवे. जागा बदलणे म्हणजे कृती नव्हे. महाराष्ट्राने ‘सैराट’ डोक्यावर घेतला. त्याच राज्यात २०१४ मध्ये खर्डा येथे एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला होता, आणि ‘सैराट’च्या पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, त्या खटल्यातील आरोपी सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. चित्रपटगृहात साक्षीदार झालेला समाज न्यायालयात साक्षीदार होतोच असे नाही. हे अपयश चित्रपटाच्या खाती मांडणे अन्यायाचे होईल; ते विसरून चित्रपटाच्या परिणामाचा गौरव करणे मात्र त्याहून अधिक अन्यायाचे. कानेमान यांच्या प्रयोगाने दाखवले की, स्मरण शेवटाला भुलते. त्याचा प्रतिकार करणारा शेवट पाणी कोमट करण्यास नकार देऊ शकतो. हात बाहेर काढल्यानंतर माणसाने काय करावे, हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

भट्टाचार्यांच्या विश्वहृदयाची संकल्पना या ठिकाणी पुन्हा तपासून पाहावी लागते. व्यक्तीला ओलांडून गेलेली भावना सर्वांची होते, हे खरे. परंतु जी भावना सर्वांची होते ती कोणाचीच जबाबदारी न राहण्याचा धोकाही असतो. ‘श्यामची आई’ सांगणाऱ्याने ऐकणाऱ्यांचे लहानसे वर्तुळ कथेतच राखून ठेवले, यामागील शहाणपण कदाचित हेच असावे. त्याने विश्वहृदयाला आवाहन केले नाही. समोर बसलेल्या चारचौघांना केले. चांगला शेवट प्रेक्षागृहातील हजारोंना उद्देशून केलेला असतो, पण तो प्रत्येकाला एकट्याने ऐकू येतो. शेवट किती हेलावून गेला, यापेक्षा हेलावल्यानंतर दुसऱ्या जागेवर कितीजण टिकून राहिले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि त्याचे उत्तर कोणताही चित्रपट देऊ शकत नाही.